‘किल्पॉक’ ही शिवी नव्हे

चेन्नईत किल्पॉक नावाची वस्ती आहे. तेथील सरकारी मनोरुग्णालयाचा इतिहास १७९४ सालापर्यंत मागे जातो. आपल्याकडे ‘ठाण्याला न्या’, ‘येरवड्याला पाठवा’ म्हणून चेष्टा करतात, तशी तिकडे किल्पॉकच्या नावाने करतात. त्याच इस्पितळाचा कारभार डॉ. शारदा मेनन यांनी १९६१ ते १९७८ सांभाळला आणि पुढे १९८४ मध्ये चेन्नईतच ‘स्कार्फ’ ही संस्था काढली. रुग्णाला औषधाबरोबर कामधंदाही मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कामगारांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बंधू-भगिनींनो, नजर कमी झाली तर आपला माणूस मेडिकलला जातो. कोणी हसत नाही. मन बिघडले की तो लपवतो, ड्युटीवर येईनासा होतो. मग रेल्वेत एस.एफ. ५ आणि टपालात रूल १४ ची चार्जशीट घरी येते, आणि ‘दांडीबहाद्दर’ म्हणून नोकरी जाते. म्हणून काही शब्द नीट कळलेच पाहिजेत.

ताण हा आजार नव्हे. काउंटरची कॅश जुळेना की येतो, जुळली की जातो. नैराश्य मात्र आजार आहे: दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली. ‘मन घट्ट कर’ म्हणून तो जात नाही. मलेरिया जातो का? गाडीखाली माणूस आलेला पाहिलेल्या लोको पायलटच्या डोळ्यांपुढे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा उभा राहतो, झोपेतून तो दचकून उठतो. महिना उलटूनही हे थांबले नाही तर तो आघातानंतरचा मानसिक विकार असू शकतो. त्याला भित्रा म्हणणाऱ्याने एक रात्र इंजिनात काढावी.

सर्वांत जास्त गैरसमज स्किझोफ्रेनियाबद्दल. एका अंगात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नाही. कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा भास. ‘सगळे माझ्यावर कट करताहेत’ अशी कितीही समजावले तरी न हलणारी खात्री हा भ्रम. रुग्ण सोंग करत नाही, त्याला ते खरेच वाटते. औषधे आहेत, ती गुण देतात; बरे वाटले म्हणून परस्पर बंद केली की आजार बहुधा उलटतो. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, तो एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टरच असतो. समुपदेशक बोलून मदत करतो. अंगारेधुपारे करणारा यांपैकी कोणीच नव्हे. तामिळनाडूतच एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले.

आता कायदा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्वही आहे. नोकरीत असताना ते आले तर कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पद. मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. चार्जशीट आली की कुटुंबीयांनी उत्तर देण्याआधी उपचाराचे सर्व कागद घेऊन शाखेत यावे. राजीनाम्यावर सही करून देऊ नये.

रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येते.