काटा मधोमध होता

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. चिपळूणहून पुण्याला परत येत होतो. गाडीत आई, बाबा, मी आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि बाबा म्हणाले, "अरे, कसला तरी गोडसर वास येतोय." मी टेंपरेचरच्या काट्याकडे बघितलं. काटा मधोमध. "आंब्यांचा असेल हो," म्हणून विषय संपवला.

चार वळणांनंतर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बसली. काटा तेव्हाही लाल पट्टीत नव्हता. उलट जरासा खालीच आला होता! भर उन्हात आई-बाबा दोन तास कठड्याच्या सावलीला बसून होते. बाबा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मेस्त्रींचं निदान: होज पाइप फुटला, कूलंट वाहून गेलं, हेड गॅसकेट गेलं, हेड वाकलं. "साहेब, पाणी कधीच संपलं होतं. काटा बघून काय उपयोग?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दिवसभर सर्व्हर मॉनिटर करून पोट भरणाऱ्या माणसाला हे एका मेस्त्रीने सांगावं?

गंमत अशी आहे की काटा कूलंटचं तापमान दाखवतो, इंजिनाचं नाही. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच निघून गेलं की तो नुसत्या हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगत बसतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो मधलं घर सोडत नाही. आणि हल्ली कित्येक गाड्यांत काटाच नसतो, नुसता एक दिवा. तोही तापमानावरच चालतो. म्हणजे मूळ भानगड आहे पातळीची आणि आपण मोजतोय तापमान. "एरर आली नाही" आणि "एरर सांगणाराच मेलाय" या दोन गोष्टी स्क्रीनवर सारख्याच दिसतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं दुखणं. गाडीतही तेच.

माझं स्पष्ट मत: कूलंट कमी झाल्याचा अलार्म प्रत्येक गाडीत हवा. काही गाड्यांत कंपनीकडूनच येतो. माझ्या गाडीत नव्हता, म्हणून एका शनिवारी मी बसवला. माझ्या गाडीची कूलंटची टाकी प्लॅस्टिकची आणि प्रेशरची आहे, त्यामुळे तिला भोक पाडणं म्हणजे स्वतःच नवीन गळती तयार करणं. म्हणून बाहेरून चिकटवायचा सेन्सर घेतला, जो प्लॅस्टिकच्या आडून द्रव आहे की नाही ते ओळखतो. तो 'मिन'च्या खुणेच्या किंचित खाली लावला, इग्निशन चालू असतानाच करंट मिळेल अशी वायर घेतली, मध्ये फ्यूज टाकला आणि डॅशबोर्डखाली बझर. सगळा खर्च हजाराच्या आत. हेडच्या बिलापुढे चिल्लरच.

त्यात तीन गोष्टी मात्र आग्रहाने केल्या. एक, घाटात कूलंट टाकीत हिंदकळतं, म्हणून पाच-सहा सेकंद सलग पातळी खाली राहिली तरच बझर वाजतो. उगाच केकाटणारा अलार्म आठवड्यात कुणीतरी उपटून टाकतं. दोन, सेन्सरने "कूलंट आहे" असं सतत सांगत राहायचं. ते सांगणं थांबलं, मग वायर तुटल्यामुळे का असेना, की बोंब. तीन, चावी फिरवली की बझर एकदा वाजतो. नाही वाजला तर तोच आजारी.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "एवढं कशाला? दर रविवारी बॉनेट उघडून बघ की." बघावंच. इंजिन गार असताना बघावं, गरम असताना टाकीचं झाकण चुकूनही उघडू नये, उकळतं कूलंट तोंडावर येतं. पण माझा पाइप रविवारी सकाळी शाबूत होता आणि दुपारी घाटात फुटला. रविवारची तपासणी हळूहळू होणारी गळती पकडते, अचानक फुटलेला पाइप नाही. दुसरा आक्षेप वॉरंटीचा. तो रास्त आहे. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला हात लावण्याआधी विचारून घ्या. आणि रेडिएटरच्या शेजारी बिनप्रेशरची साधी बाटली असेल तर फार भरवसा ठेवू नका, कारण रेडिएटर रिकामा होऊनही ती भरलेली राहू शकते. तिथे सेन्सर रेडिएटरच्या वरच्या भागात लागतो आणि ते काम मेस्त्रींचं.

असो. गेल्या महिन्यात परत चिपळूणला गेलो. चावी फिरवली, बझर वाजला. बाबांनी विचारलं, "हे काय?" मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं केलंस. पण वास आला तर मी परत सांगणार."

सांगा, बाबा. या वेळी काट्याकडे बघणार नाही. आधी गाडी बाजूला घेईन.