गप्पी मासे आणि यंत्राचे पाणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या हातून एक चूक घडली. आमच्या गावांतून पाणी शुद्ध करणारी यंत्रे आता स्वयंपाकघराच्या भिंतींवर जागोजाग दिसू लागली आहेत, आणि मुलांच्या हौसेखातर माशांच्या काचपेट्याही घरांत येऊ लागल्या आहेत. तेव्हा तीच चूक आणखी कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून ती आम्ही येथे सविस्तर सांगत आहोत.

आमच्या धर्मग्रामात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. वडील परगावी नोकरीस असतात. या मुलाने चाळीस लिटरांच्या काचपेटीत वीस गप्पी मासे बाळगले होते. ते विकत घेतलेले नव्हते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसे विहिरींतून जे बोटाच्या पेराएवढे मासे सोडतात, तेच त्याने सार्वजनिक विहिरीतून जुन्या ओढणीने धरून आणले होते. पाणीही त्याच विहिरीचे. वडिलांनी सुट्टीत येऊन आर.ओ. यंत्र बसविले, तेव्हा मुलाच्या आईने आम्हांस विचारले, "फादर, काचेवर पांढरा थर धरतो तो काही केल्या निघत नाही. हे यंत्राचे पाणी माशांना घातले तर चालेल का?" आम्ही क्षणभरही विचार न करता म्हणालो, "बाई, जे लेकरांना चांगले ते त्या मुक्या जीवांनाही चांगलेच की!"

शनिवारी मायलेकरांनी पेटी पूर्ण रिकामी केली, वाळू, दगड व पाणी गाळणारा स्पंज खळखळून धुतला आणि यंत्राचे स्वच्छ पाणी काठोकाठ भरले. रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो मुलगा पायरीवर उभा होता. वीसपैकी चौदा मासे मेले होते. तो रडला नाही. आमच्याकडे पाहिलेही नाही. इतर कोणत्याही तक्रारीपेक्षा ते न पाहणे आम्हांस अधिक लागले.

त्यानंतर आम्ही मासे विकणाऱ्या एका जुन्या दुकानदाराकडे गेलो आणि प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका प्राध्यापकांकडेही गेलो. त्या दोघांकडून जे कळले ते असे.

आर.ओ. यंत्रातील मुख्य भाग म्हणजे एक अतिसूक्ष्म पडदा. पाणी जोराने त्याच्यावर दाबले असता पाणी तेवढे पलीकडे जाते आणि विरघळलेले क्षार बहुतांशी अलीकडेच राहतात. असा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास लॉस अँजेलिस येथील विद्यापीठात सिडनी लोब व मूळचे भारतीय श्रीनिवास सूरिराजन यांनी तयार केला, आणि १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा गावी खारट पाणी या रीतीने पिण्याजोगे करण्यास आरंभ झाला. हेतू माणसाची तहान भागविण्याचा होता; मासे त्या हिशेबात नव्हते.

माणूस पाणी पितो, मासा पाण्यात राहतो. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार पुष्कळ अधिक असतात. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत त्याच्या अंगात शिरते, ते तो पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो, आणि गेलेल्या क्षारांची भरपाई पुन्हा कल्ल्यांनीच भोवतालच्या पाण्यातून करतो. डाळ शिजावयास वेळ लावणाऱ्या, साबणाला फेस न येऊ देणाऱ्या आमच्या जड पाण्यात गप्पी सुखाने नांदतो, पिल्ले घालतो. त्याला एका रात्रीत क्षारहीन पाण्यात टाकले, तर भरपाई कोठून करावयाची? शिवाय अशा पाण्याला आंबटपणा आवरून धरणारे बळ नसते. माशांची घाण साचताच ते झपाट्याने बिघडते.

दुसरे कारण स्पंजाचे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी असतो. वाळूत व स्पंजात वाढणारे जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जंतू जमण्यास कित्येक आठवडे लागतात. मायलेकरांनी ते सारे अर्ध्या तासात मोरीत सोडले.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत नवे वाटले. या घरच्या यंत्रात पाण्याला तांब्याचा गुण देणारी एक नळकांडी होती. आजकाल पुष्कळ यंत्रांत ती असते. माणसाला ते अल्प तांबे बाधत नाही. पण माशांना, आणि त्याहूनही कोळंबी व गोगलगाईंना, तांबे थोडक्यातही घातक ठरते. क्षार कमी असलेल्या पाण्यात तर अधिकच. चौदांपैकी किती मासे कोणत्या कारणाने गेले हे कोण सांगणार? तिन्ही कारणे एकाच शनिवारी जुळून आली एवढे खरे.

मग यंत्र काचपेटीला जोडूच नये काय? जोडावे, पण बेताने. पडद्यातून निघालेली बारीक नळी जेथे तांब्याच्या वा खनिजांच्या नळकांडीकडे वळते, त्याच्या अलीकडे तीन तोंडांचा जोड बसवून लहान तोटी लावावी. हे काम यंत्र बसविणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे, नाही तर यंत्राची हमी जाते. पडदा नवा असेल तर सुरुवातीचे पाणी टाकून द्यावे. नळी थेट काचपेटीत मात्र कधीही सोडू नये. यंत्राची स्वतःची टाकी भरली की ते आपोआप थांबते. पण वाटेत फोडलेल्या नळीतून पाणी वाहत राहिले तर ती टाकी भरतच नाही, यंत्र चालूच राहते, आणि घरची माणसे झोपली असतील तर सकाळी पेटी ओसंडून खोलीभर पाणी झालेले दिसते. झाकणाची बादली ठेवावी, ती भरेपर्यंत तेथेच बसावे, तोटी बंद करावी.

त्या बादलीचे काय करावयाचे? पाण्यातील क्षार मोजणारी लेखणीएवढी कांडी बाजारात थोडक्या पैशांत मिळते. आमच्या विहिरीचे पाणी तिने ७०० दाखविले, यंत्राचे ४०. निम्मे-निम्मे मिसळल्यास ३७० होते. निऑन टेट्रासारखे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातील मासे पाळणाऱ्यांस असे मिश्रण लागते, पुष्कळदा याहूनही मऊ. गप्पींना त्याची गरज नाही. त्यांना विहीरच बरी. त्यांच्यासाठी यंत्राचे पाणी एकाच कामास उत्तम. उन्हाळ्यात पेटीतील पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात, आणि वरचेवर विहिरीचे पाणी घातल्यास ते साचत जातात. काचेवरचा तो पांढरा थर त्याचाच. तेव्हा आटलेली भर यंत्राच्या पाण्याने करावी. आणि पंधरवड्यास पाव पेटी पाणी काढून विहिरीचे घालावे. ग्रामपंचायतीने विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ते पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मगच वापरावे. स्पंज धुवावयाचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते, ती लिहितोच. घरगुती यंत्र एक बादली पाणी देताना पुष्कळदा तीन बादल्या मोरीत सोडते. म्हणजे चाळीस लिटरांची ती पेटी भरण्यास १२० लिटर वाहून गेले. आणि चैत्र-वैशाखात याच गावच्या बायका नळावर घागरींची रांग लावून उभ्या असतात. जेथे पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार आहेत तेथे ही यंत्रे नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिला होता, तो काही उगाच नव्हे. सोडलेले पाणी टाकून न देता पिंपात धरावे. आमच्या ७०० च्या पाण्याचे ते सुमारे ९२० होते; फरशी, शौचालय, गोठा धुण्यास चालते. कुंड्यांना रोज घालू नये, माती खारावते.

उरलेल्या सहा माशांत माद्या होत्या. गप्पीची मादी सुमारे महिन्याने जिवंत पिल्ले घालते. मोठे मासे ती खाऊन टाकतात, म्हणून मुलाने विहिरीतील शेवाळ आणून पेटीचा एक कोपरा दाट केला आहे. नाताळात आम्ही घर आशीर्वादण्यास गेलो तेव्हा त्याने आम्हांस एकतीस मोजून दाखविले. बादलीवर त्याने खडूने तारीख लिहिली होती. आम्ही सहज वाकून पेटीत बोट घालू लागलो, तो म्हणाला, "फादर, हात नको. आईने आताच साबणाने धुवायला दिले होते ना तुम्हाला?"