गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. पण प्रकार कोणता? रिपोर्टमधल्या एका नावावर ठरतात उपचार

छत्रपती संभाजीनगर : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यातला ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन’ हा प्रकार शंभर रुग्णांमागे जेमतेम एक ते तीन जणींमध्ये आढळतो. पण तो अतिशय आक्रमक असतो. त्यामुळे प्रकाराची खात्री झाल्याशिवाय उपचार सुरू होऊ नयेत.

वेगळा कसा?
गाठ लहान असतानाच तो लसीकाग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि हाडांपर्यंत पोहोचू शकतो. पॅप तपासणीत तो अनेकदा निसटतो. त्यामुळे जुना रिपोर्ट नॉर्मल असला, तरी शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर होणारा रक्तस्राव अंगावर काढू नये.

निदान कसे होते?
बायोप्सीच्या तुकड्यावर ‘आयएचसी’ तपासणी करतात. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ यांसारख्या मार्करवरून प्रकार ओळखता येतो. आजार किती पसरला, हे पेट-सीटी स्कॅनमधून कळते.

उपचारात फरक काय?
नेहमीच्या प्रकारात रेडिएशनसोबत बहुधा दर आठवड्याला सिस्प्लॅटिन देतात. इथे फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाप्रमाणे सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड यांची केमोथेरपी हा उपचारांचा कणा असतो. टप्प्यानुसार शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनची जोड मिळते.

मराठवाड्यात काय हवे?
शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मात्र अनेक जणींची पहिली बायोप्सी तालुक्याच्या ठिकाणी होते. तिथे शंका आली, तर रुग्णाला गावोगाव फिरवण्याआधी तिचा ब्लॉक आणि स्लाइड मोठ्या केंद्राकडे पाठवाव्यात. तुकड्याचा प्रवास बाईच्या प्रवासापेक्षा स्वस्त आणि सोपा आहे. ही सोय ओळखीपाळखीवर नव्हे, नियमाने मिळाली पाहिजे.

प्रतिबंध शक्य आहे?
बऱ्याच अंशी. या प्रकारामागेही बहुतेक वेळा एचपीव्ही १६ किंवा १८ हे विषाणू असतात आणि लस दोन्हींपासून संरक्षण देते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ २०२३ मध्ये बाजारात आली. तपासणीचा धडा तर मराठवाड्यानेच जगाला दिला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते.

ज्या मातीत हे सिद्ध झाले, तिथल्या बाईला आपल्या आजाराचे नेमके नाव वेळेत कळलेच पाहिजे. रिपोर्ट हातात आला, की नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढे विचारावे : प्रकार कोणता आणि आयएचसी झाली का?