माशासाठी माशी

गेल्या अंकात या सदरात आपण लोणच्यातल्या मिठाचे रसायन पाहिले. या वेळचा विषय वाचून शाकाहारी वाचक पान उलटतील, पण त्यांनी थोडा धीर धरावा. विषय आहे ट्राऊट माशाला भुलवण्यासाठी गळावर बांधायची खोटी माशी. त्यातही पाण्यावर तरंगणारी, पॅराशूट पद्धतीची.

आपल्या मिशिगनशी या माशीचे जुने नाते आहे. १९२२ साली मेफील्ड गावच्या लेनर्ड हॅलाडे यांनी चार्ल्स ॲडम्स या वकील मित्रासाठी एक करडी माशी बांधली. ॲडम्सनी ती बोर्डमन नदीवर वापरली आणि माशीला त्यांचेच नाव पडले. पुढे १९३४ मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम ब्रश यांना पीस आडवे गुंडाळण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. या दोहोंच्या मेळातून आजची ‘पॅराशूट ॲडम्स’ झाली.

आडव्या पिसाने काय साधते? नेहमीच्या तरंगत्या माशीत कोंबड्याचे पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळतात. पिसाच्या तंतूंच्या टोकांवर माशी पाण्यापासून उंच उभी राहते. पॅराशूटमध्ये दांडीवर एक उभी पांढरी खुंटी बांधून पीस तिच्याभोवती गुंडाळतात. तंतू छत्रीच्या काड्यांसारखे आडवे पसरतात आणि माशीचे अंग थेट पाण्याच्या पापुद्र्यात बसते. खरी मेफ्लायही अशीच असते. तिचे पिल्लू तळाच्या दगडांत वाढते, मग वर येऊन कात टाकते. पंख उघडून उडेपर्यंत ती पाण्यावर अडकलेली असते आणि ट्राऊट तिला तेव्हाच टिपतो. खालून माशाला अंग दिसते, वरून आपल्याला पांढरी खुंटी.

माशीला तोलून धरतो तो पाण्याचा पृष्ठताण. अल्कोहोलच्या तिपटीहून तो जास्त असतो. मुलांना दाखवायचे असेल तर वाटीभर पाण्यावर कोरडी सुई अलगद आडवी ठेवा, ती तरंगेल. मग भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, सुई बुडेल. म्हणून साबणाचे किंवा क्रीमचे हात माशीला लावू नयेत.

आता कृती. गळ १४ नंबरचा घ्यावा आणि व्हाइसमध्ये पक्का धरावा. नेढ्यापासून एक तृतीयांश अंतरावर पांढऱ्या कृत्रिम धाग्याचा झुबका बांधून उभा करावा आणि बुडाशी दोरा आडवा गुंडाळून ताठ करावा. ही झाली खुंटी. मागे तपकिरी आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पिसांचे थोडे तंतू मिसळून शेपूट बांधावे, लांबी दांडीइतकी. पट्ट्यांचे एक पीस खुंटीलगत उभे बांधून ठेवावे. त्याचे तंतू गळाच्या रुंदीच्या सुमारे दीडपट असावेत. पीस कोंबड्याचेच घ्यावे. कोंबडीचे मऊ असते आणि पाणी धरते. मग मेण लावलेल्या दोऱ्यावर करड्या पॉलिप्रॉपिलीनचे तंतू वळून त्याचे अंग गुंडाळावे. हा पदार्थ पाण्याहून हलका आहे. शेवटी पिसाचे चार-पाच वेढे खुंटीभोवती द्यावेत, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. गाठ मारावी, बुडाशी लाखेचा एक थेंब, आणि झाले.

यातली सगळ्यात नाजूक पायरी वळण्याची. आमच्याकडे ती सासूबाईंच्या हाती गेली आहे. त्या नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी आल्या. पाच वाजता अंधार, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, नातवाचे मराठी ‘हो’ आणि ‘नको’वर संपते. आपल्यापैकी पुष्कळ घरांत हे चित्र ओळखीचे असेल. वर्षभराच्या वाती त्यांच्या महिन्याभरातच वळून झाल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर व्हाइस लावला तेव्हा त्या जवळ येऊन म्हणाल्या, “अगं, ही तर वातच आहे. थोडे तंतू घ्यायचे आणि एकाच बाजूला पीळ द्यायचा.” पुस्तकातही नेमके हेच सांगतात.

पण लगेच त्यांनी बजावले, “जीव घ्यायला मी हातभार लावणार नाही.” मी म्हटले, “आई, मासा सोडून देतात.” “मग टोचायचं तरी कशाला?” याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. आमच्यात एवढेच ठरले की गळाचा उलटा काटा पकडीने चेपल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. बिनकाट्याचा गळ माशाच्या तोंडातून पटकन सुटतो, ही गोष्ट खरी आहे.

आता नातू शाळेतून आला की समोर बसतो. त्या पीळ देतात, तो शेवटची गाठ मारतो. ‘सैल’, ‘घट्ट’, ‘नेढं’, ‘टोक’ हे शब्द त्याला कुणी मुद्दाम शिकवले नाहीत. सासूबाईही ‘व्हिप फिनिश’ म्हणतात, तेही कुणी शिकवलेले नाही.

ज्यांना नदीवर जायचे आहे त्यांच्यासाठी: सतरा वर्षांपासून पुढे परवाना लागतो. बऱ्याच ट्राऊट नद्यांचा हंगाम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सुरू होतो. ग्रेलिंगजवळ ओ सेबल नदीच्या एका टप्प्यात फक्त अशा बांधलेल्या माश्याच चालतात आणि प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. तिथला ब्राऊन ट्राऊटही मूळचा इथला नाही. १८८४ मध्ये जर्मनीहून आलेल्या अंड्यांपासून त्याची पहिली पिल्ले मिशिगनच्याच नदीत सोडली गेली. आता त्याला परका कुणी म्हणत नाही.

मंडळाच्या पुढच्या मेळाव्यात मी कोपऱ्यातल्या टेबलावर दोन व्हाइस मांडणार आहे. ज्यांच्याकडे आई-वडील आले आहेत, त्यांनी त्यांना जरूर आणावे. येताना वाचायचा चष्मा आणि जमल्यास एक टेबल लॅम्प आणावा. पिसे आणि दोरा माझ्याकडे आहेत. वातींचा कापूस मात्र घरीच ठेवावा. तो पाणी पितो.