पहिल्या बेसवर कोणाला उभे करायचे?

संघात उत्तम यष्टिरक्षक घ्यावा, की यष्टिरक्षण निभावून नेणारा उत्तम फलंदाज घ्यावा, हा वाद आपल्याकडे घराघरांत रंगलेला आहे. २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविडच्या हातात यष्टिरक्षकाचे मोजे दिले गेले, ते त्यामुळे एक फलंदाज जास्त खेळवता येत होता म्हणून. पार्थिव पटेल हा खरा यष्टिरक्षक संघाबरोबर होता, पण त्याच्या वाट्याला एकही सामना आला नाही. भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तडजोड निभावली.

अमेरिकेत हाच वाद बेसबॉलमध्ये घातला जातो आणि तिथे तो बहुधा ‘फर्स्ट बेसमन’, म्हणजे पहिल्या बेसवरच्या खेळाडूवरून असतो. जुना खेळाडू गेला, जखमी झाला किंवा थकला, की प्रश्न उभा राहतो. त्याच्या जागी फटकेबाज आणायचा, की चेंडू न सोडणारा? आज या प्रश्नाच्या तीन गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांतल्या एकीत तर या प्रश्नाने एका चांगल्या खेळाडूच्या आयुष्याचीच परवड केली.

आधी खेळाविषयी थोडेसे. बेसबॉलच्या मैदानात हिऱ्याच्या आकारात चार बेस असतात आणि एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर असतो. फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला की तो पहिल्या बेसकडे धाव घेतो. क्षेत्ररक्षक चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकतो. तिथला खेळाडू बेसवर पाय ठेवून, फलंदाज पोहोचण्याआधी तो चेंडू झेलतो आणि फलंदाज बाद होतो. सामन्यात हे पुनःपुन्हा घडते. फेकलेला चेंडू दर वेळी नीट छातीशी येतो असे नाही. कधी तो डोक्यावरून जातो, कधी बाजूला, तर कधी पायाशी टप्पा घेऊन उसळतो. असे वेडेवाकडे चेंडू टिपणारा माणूस पहिल्या बेसवर असला, की बाकीच्यांच्या चुका झाकल्या जातात.

असे असूनही ही जागा तुलनेने सोपी समजली जाते. इथे फार पळावे लागत नाही आणि लांब फेकही क्वचितच करावी लागते. म्हणून धिप्पाड, संथ, पण चेंडू प्रेक्षकांत भिरकावणारे खेळाडू वर्षानुवर्षे याच जागेवर उभे केले गेले. पहिल्या बेसवरचा माणूस म्हटला की त्याने धावांचा पाऊस पाडावा, अशी प्रेक्षकांची अपेक्षाच असते.

संसारात कमाई आणि बचत असते, तसेच हे आहे. फलंदाजाने काढलेली धाव ही कमाई. ती फळ्यावर लागते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. क्षेत्ररक्षकाने वाचवलेली धाव ही बचत. ती कुठेच लिहिली जात नाही. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ सांगतात, की हंगामाच्या हिशेबात साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. मग त्या दहा धावा जास्त काढल्या काय किंवा दहा धावा वाचवल्या काय, गोळाबेरीज एकच. तरीही पहिल्या बेसवर बहुतेक क्लब फलंदाजीकडेच झुकतात. या जागेवर चांगल्या आणि सामान्य फलंदाजांमधले अंतर मोठे असते आणि चांगल्या व सामान्य क्षेत्ररक्षकांमधले अंतर त्या मानाने कमी असते. हंगामभराचा हिशेब म्हणून हे बरोबरच आहे.

पहिली गोष्ट ओकलंड अॅथलेटिक्स या क्लबाची. २००१ च्या हंगामानंतर त्यांचा पहिल्या बेसवरचा मोहरा, जेसन जिआम्बी, न्यूयॉर्क यांकीज क्लबाने सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन नेला. शंभर वेळा फलंदाजीला आला तर जवळजवळ ४८ वेळा बेसवर पोहोचणारा हा खेळाडू होता. ओकलंडची तिजोरी लहान. दुसरा जिआम्बी विकत घेणे त्यांना शक्य नव्हते. क्लबाचे व्यवस्थापक बिली बीन यांनी स्कॉट हॅटेबर्ग नावाचा खेळाडू थोडक्या पैशांत घेतला. हा मूळचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. कोपराच्या दुखापतीने त्याची फेक संपलेली होती, आणि पहिल्या बेसवर कसे उभे राहायचे हे त्याला ठाऊक नव्हते.

मग बीन यांनी त्याच्यात पाहिले तरी काय? तर घाई न करता चांगल्या चेंडूची वाट पाहण्याची सवय. ओकलंडचे प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांनी त्याला नवी जागा अक्षरशः पहिल्या धड्यापासून शिकवली. २००२ मध्ये हॅटेबर्ग शंभरात सुमारे ३७ वेळा बेसवर पोहोचला. जिआम्बीची बरोबरी त्यात नव्हतीच, पण आदल्या वर्षी १०२ सामने जिंकणाऱ्या ओकलंडने त्या वर्षी १०३ जिंकले. ४ सप्टेंबर २००२ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी घेऊन त्यांनी ती पार घालवली, ११-११ अशी बरोबरी झाली, आणि तेव्हा बदली फलंदाज म्हणून आलेल्या हॅटेबर्गने होम रन मारून ओकलंडला लागोपाठ विसावा विजय मिळवून दिला. मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक आणि त्यावरचा २०११ चा चित्रपट यांमुळे ही कथा जगभर गेली.

या कथेतून पुष्कळांनी एवढाच अर्थ काढला, की पहिल्या बेसवर फलंदाज हवा, क्षेत्ररक्षण काय, शिकवता येते. तो अर्थ अपुरा आहे हे समजायला आपल्याला सोळा वर्षे मागे, बोस्टनला जावे लागेल.

बोस्टन रेड सॉक्स या क्लबाने १९१८ नंतर अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. १९८६ मध्ये ते न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध ३-२ असे पुढे होते. आणखी एक सामना जिंकला की ६८ वर्षांचा उपास सुटणार होता. त्यांच्या पहिल्या बेसवर होता बिल बकनर. वय ३६, फलंदाज म्हणून कसलेला. १९८० मध्ये त्याने नॅशनल लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला क्रमांक मिळवला होता आणि १९८६ च्या हंगामातही त्याच्या फटक्यांवर १०२ धावा आल्या होत्या. पण घोट्यांच्या जुन्या दुखण्याने तो बेजार होता. प्रत्येक सामन्याआधी पाय बर्फात ठेवून तो उभा राहत असे.

मॅनेजर जॉन मॅकनमारा यांच्याकडे यावर उपाय होता. डेव्ह स्टेपलटन नावाचा एक राखीव खेळाडू फलंदाजीत साधारण, पण पायांनी धड होता. सामना हातात आला की अखेरच्या टप्प्यात बकनरला बसवून स्टेपलटनला उभे करायचे, असे मॅकनमारा त्या मालिकेत करत आले होते. इथे बेसबॉलचा एक नियम लक्षात ठेवायला हवा. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे बदल लवकर केला तर फलंदाज गमावतो, आणि उशीर केला तर दुखऱ्या पायांचा क्षेत्ररक्षक ऐन वेळी मैदानात राहतो.

२५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र. न्यूयॉर्कचे शे स्टेडियम. आठव्या इनिंगमध्ये बोस्टन ३-२ ने पुढे, तिन्ही बेसवर बोस्टनचेच खेळाडू आणि दोन बाद. फलंदाज बकनर. मेट्सने डावखुरा जेसी ओरोस्को गोलंदाजीला आणला. बकनरही डावखुरा, आणि डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या गोलंदाजासमोर खेळणे बहुधा अवघड जाते. बाकावर डॉन बेलर बसून होता. उजव्या हाताने खेळणारा आणि त्या हंगामात ३१ होम रन मारणारा. मॅकनमारांनी बदल केला नाही. बकनरचा चेंडू हवेत गेला आणि झेलला गेला. म्हणजे ज्या फलंदाजीसाठी बकनरला ठेवायचे, ती करण्यासाठीही त्या घटकेला त्याच्याहून बरा माणूस हाताशी होता.

पुढे मेट्सने बरोबरी केली. दहाव्या इनिंगमध्ये बोस्टनने दोन धावा काढून ५-३ अशी आघाडी घेतली. आता बकनरची पाळी पुन्हा येण्याची फारशी गरज नव्हती. फक्त तीन बळी हवे होते. स्टेपलटन बाकावर होता आणि बकनर बेसवरच राहिला. विजयाच्या क्षणी या जुन्या खेळाडूला मैदानात असू द्यावे, अशी मॅकनमारांची इच्छा होती असे त्या वेळी पुष्कळांनी लिहिले. मॅकनमारांनी ते कधी मान्य केले नाही. बकनर हाच आपला सर्वांत चांगला पहिला बेसमन होता, असे त्यांचे म्हणणे होते.

मेट्सचे दोन बाद झाले. मग लागोपाठ तीन फटके बसले आणि ५-४ झाले. नवा गोलंदाज बॉब स्टॅनली आला. त्याचा एक चेंडू भरकटला आणि ५-५ झाले. मग मूकी विल्सनचा एक साधासा चेंडू जमिनीवरून घरंगळत पहिल्या बेसकडे आला. बकनर वाकला. चेंडू त्याच्या पायांमधून मागे निघून गेला आणि रे नाइटने विजयी धाव पूर्ण केली. दोन दिवसांनी सातवा सामनाही मेट्सने जिंकला.

या एका चेंडूने बकनरचे आयुष्य बदलले. बावीस हंगामांत त्याने २,७१५ फटके मारून बेस गाठले होते. लोकांच्या लक्षात राहिला तो न अडवलेला एक चेंडू. बरोबरी त्या चेंडूच्या आधीच झाली होती, सातवा सामना अजून शिल्लक होता, तीन फटके दुसऱ्याच गोलंदाजाला बसले होते. हे सारे विसरले गेले. टिंगल झाली, शिव्याशाप झाले, आणि पुढे तो कुटुंबासह दूर आयडाहो राज्यात राहायला गेला. चूक मैदानावरच्या माणसाच्या नावावर जमा झाली. त्याला तिथे ठेवण्याचा निर्णय ज्यांचा होता, त्यांच्या वाट्याला त्या मानाने थोडेच आले.

आकडे कसे फसवतात, याचेही बकनर हे उदाहरण आहे. १९८५ मध्ये चेंडू अडवून दुसऱ्याकडे देत बळी मिळवण्याचा, पहिल्या बेसमनचा त्या काळचा विक्रम त्याच्याच नावावर होता. १८४ वेळा! कागदावर तो थोर क्षेत्ररक्षक दिसे. जाणकारांनी दाखवून दिले, की दुखऱ्या पायांमुळे स्वतः बेसकडे पळण्याऐवजी तो चेंडू धावत येणाऱ्या गोलंदाजाकडे टाकत असे, म्हणून तो आकडा फुगला. वहीतला आकडा खरा, त्यामागचे पाय मात्र थकलेले.

तिसरी गोष्ट त्याच बोस्टनची, २००४ सालची. क्लबाचे तरुण व्यवस्थापक थिओ एपस्टीन यांच्या संघात फटकेबाज भरपूर होते. क्षेत्ररक्षण ढिले होते. ३१ जुलैला त्यांनी शहराचा लाडका नोमार गार्सियापारा दुसऱ्या क्लबाला दिला आणि ऑर्लँडो कॅब्रेरा व डग मिंटकेविच असे दोन उत्तम क्षेत्ररक्षक मिळवले. मिंटकेविच पहिल्या बेसवरचा. २००१ मध्ये क्षेत्ररक्षणाचे ‘गोल्ड ग्लोव्ह’ पारितोषिक मिळवलेला. बोस्टनला आल्यावर त्याची बॅट मात्र जवळजवळ मुकीच राहिली. सरासरी हजारात २१५. अशा फलंदाजाला पहिल्या बेसवर रोज कोण खेळवणार? रोज खेळत होता केविन मिलार, सरासरी २९७ चा. मिंटकेविच येई तो शेवटी.

वर्ल्ड सिरीजचे अखेरचे सामने सेंट लुईसमध्ये होते. तिथल्या लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे फक्त फलंदाजी करणारा खेळाडू ठेवता येत नसे. म्हणून बोस्टनने आपला सर्वांत मोठा फटकेबाज डेव्हिड ऑर्टिझ याला पहिल्या बेसवर उभे केले आणि मिलारला बसवले. ऑर्टिझ एरवी क्षेत्ररक्षण फारसे करत नसे. तरी तिसऱ्या सामन्यात त्यानेच तिसऱ्या बेसकडे अचूक फेक करून एक बळी मिळवून दिला. चौथ्या सामन्यात आघाडी मिळाल्यावर, अखेरच्या टप्प्यात, मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी ऑर्टिझला बाहेर काढून मिंटकेविचला पाठवले. २७ ऑक्टोबर २००४. एडगर रेंटेरियाचा चेंडू गोलंदाज कीथ फोककडे परत आला, त्याने तो पहिल्या बेसकडे टाकला आणि मिंटकेविचने झेलला. ८६ वर्षांचा उपास सुटला.

तो चेंडू मिंटकेविचने स्वतःजवळच ठेवला. क्लबाने मागितला, बरीच ओढाताण झाली, आणि अखेर २००६ मध्ये तो कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात गेला. रोज न खेळणाऱ्या माणसाच्या हातात सर्वांत मोलाचा चेंडू आला, ही त्यातली गंमत.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, तर ‘बॅट की हातमोजा’ हा प्रश्नच अर्धवट विचारला जातो असे दिसते. विचारायला हवे ते असे, की आत्ता संघाला काय हवे आहे? हंगाम सुरू होताना धावा हव्या असतात, तेव्हा हॅटेबर्ग घ्यावा. आघाडी हातात असून तीन बळी उरलेले असतात, तेव्हा मिंटकेविच बाकावर असायला हवा आणि त्याला उठवण्याचे धैर्य मॅनेजरकडे असायला हवे. बोस्टनने १९८६ मध्ये दोन्ही माणसे बाळगली होती. कमी पडला तो वेळेवर घेतलेला निर्णय. जुन्या माणसाचा मान राखायचा तर त्याला झेपेल तेवढेच काम द्यावे, आणि न झेपणारे काम आले की त्याला सन्मानाने खाली बसवावे. घरात, कचेरीत, संस्थांतही आपण भिडेपोटी हे करायचे टाळतो, आणि मग घसरलेल्या माणसालाच बोल लावतो.

बकनरला न्याय मिळाला, पण उशिरा. ८ एप्रिल २००८ रोजी, बोस्टनच्या आणखी एका अजिंक्यपदानंतर, फेनवे पार्क मैदानावर हंगामातला पहिला औपचारिक चेंडू टाकण्यासाठी त्याला बोलावले गेले. सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्याचे डोळे भरून आले. २७ मे २०१९ रोजी तो वारला. ज्या शहराने त्याला एका चेंडूसाठी बावीस वर्षे दोषी धरले, त्याच शहराने तो जिवंत असताना त्याची माफी मागितल्यासारखे केले, एवढे समाधान त्याच्या वाट्याला आले.