मर्जीतला वकील आणि गहाळ फाईल

बारामती-इंदापूरच्या बंधू-भगिनींनो,

21 जून 2012 ला मंत्रालय पेटलं. पाच माणसं गेली. त्यांतली दोन आपल्या बारामतीहून गेलेली. फायलींचे ढीग जळाले. त्याआधी आदर्श सोसायटीच्या फायलीतले कागद नगरविकास खात्यातूनच गहाळ झाले होते. फायली कशा जातात, हे तुम्हाला सांगायला नको. बोलायचंय ते फाईल गेल्यावर कोर्टात उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलाबद्दल.

एका कार्यालयात मी कालव्याच्या पाणीवाटपाची जुनी फाईल मागितली. आवक-जावक रजिस्टरात निळ्या शाईत नोंद सापडली: 'मा. मंत्रिमहोदयांकडे सादर.' परतीचा रकाना कोरा. मंत्रिमहोदय कधीच माजी झाले. उद्या हा वाद कोर्टात गेला, तर सरकारतर्फे कोण उभा राहणार? त्यांच्याच गोटातल्या शिफारशीवर नेमलेला वकील! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या त्या याच.

'सरकारनं आपला वकील निवडला तर बिघडलं कुठं?' म्हणे. अहो, सरकार म्हणजे मंत्री नव्हे. वकिलाची फी आपल्या करातून जाते. त्याचा अशील जनता आहे. सरकारी वकील पारदर्शक पद्धतीनं, गुणवत्तेवर नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्येच पंजाबच्या प्रकरणात बजावलंय. तरी शिफारशीची चिठ्ठी सुटत नाही.

'म्हणजे माजी मंत्रिसाहेबांवर अविश्वास?' हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. साहेब स्वच्छ असतील तर तोच कागद त्यांची साक्ष देईल. तो दडवणारे भक्त साहेबांची अब्रू घालवतात. आणि माहिती अधिकार कायद्यात माहिती दडवल्याचा दंड किती? रोज 250 रुपये, फार तर 25,000. तोही माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. फाईल नेणारा नामानिराळा!

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफिती मागणाऱ्या स्वतंत्र सरकारी वकिलाला 20 ऑक्टोबर 1973 ला काढून टाकलं. लोक खवळले, दुसरा नेमावा लागला, आणि 24 जुलै 1974 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं फिती द्यायला लावल्या. वकील मिंधा नव्हता, म्हणून हे घडलं.

आमची मागणी एकच: माजी नेत्यांच्या काळातल्या दप्तराचा वाद असेल, तिथे उच्च न्यायालयानं ठरवलेल्या यादीतला वकील नेमा. त्याला ठरावीक मुदत द्या. लेखी कारणाशिवाय काढू नका.

उजनी धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं. धरणग्रस्तांना विचारा, बुडालेला कागद वर येतो का? म्हणून ही मागणी ग्रामसभेत ठराव करून पाठवा.

आपला,
नीरा डाव्या कालव्याच्या टेलचा एक शेतकरी