मांडूला एक रात्र

इंदूरात मांडूचं नाव काढलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘सुबह निकलो, शाम तक घर.’ अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, रस्ता चांगला. त्यामुळे सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघायचं, जहाजमहाल, हिंडोळामहाल, होशंगशाहाचा मकबरा, रूपमतीचा मंडप असं एकेक उरकायचं आणि अंधार पडायच्या आत धार ओलांडायचं, हा इथला रिवाज. आमच्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांनाही आम्ही असंच पळवत आणलं आहे. या भाद्रपदात पहिल्यांदा आम्ही दोघं तिथे मुक्कामाला राहिलो आणि मला वाटलं, या गावावर आपण इंदूरकर अन्याय करतो.

मुलीकडे बडोद्याला निघालो होतो. हे नुकतेच निवृत्त झालेत, त्यामुळे अमुक दिवशी पोचलंच पाहिजे असं काही नव्हतं. धारला चहा पिताना हे म्हणाले, “अगं, मांडूला वळू या का? उद्या पुढे जाऊ.” धारपासून दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे वाट चांगलीच वाकडी होणार होती. मी मुलीला फोन करून सांगितलं, “आम्ही उद्या येतोय गं,” आणि गाडी वळवली.

मांडू म्हणजे विंध्याच्या दक्षिण टोकाचं पठार. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, मधे काकड्या खोहची खोल दरी, आणि दक्षिणेकडची कड सरळ निमाडात उतरते. या पठारावर नदी नाही. ज्या गावाला एकेकाळी माळव्याच्या सुलतानांची राजधानी म्हणून हजारो माणसांना पाणी पाजायचं होतं, त्याच्यापाशी फक्त पावसाचं पाणी होतं. म्हणून इथे जिकडेतिकडे तलाव, कुंडं आणि बावड्या आहेत. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेवर जहाजमहाल उभा आहे. तो सुलतान घियासुद्दीन खिलजीच्या काळातला मानतात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. शंभर मीटरहून लांब आणि रुंदीला अगदी कमी. तलाव भरले की दोन्ही अंगांना पाणी येतं, आणि त्याचं नाव जहाज का पडलं हे कुणी सांगावं लागत नाही.

मधल्या वारी गेलो होतो, गर्दी नव्हती. गच्चीवर गेलो आणि बसलो. एरवी इथे चढायचं, चार फोटो काढायचे, उतरायचं. या वेळी पुढे कुठे पोचायचंच नव्हतं, त्यामुळे दगडात कोरलेली पाण्याची पन्हळ मी पहिल्यांदा नीट पाहिली. वर चढवलेलं पाणी सरळ कुंडात सोडत नसत. दगडात नागमोडी वळणं काढून त्याला फिरवत नेत, म्हणजे वेग मोडतो, गाळ वळणावळणाला खाली बसतो आणि कुंडात पोचतं ते निवळलेलं पाणी. सकाळी पाऊस होऊन गेला होता. पन्हळीत बोटभर पाणी होतं आणि त्यातून एक वाळकं पान वळसे घेत चाललं होतं. ह्यांनी आयुष्यभर बँकेत आकडे पाहिले; पण गुडघे टेकून ती वळणं मोजत राहिले आणि मला उतार दाखवत राहिले. घरात आम्ही दोघं एकमेकांशी कितीतरी बोलतो, पण ते बहुतेक गॅस, बिलं, औषधं आणि मुलांचं असतं. पाणी कसं चालतं यावर आम्ही इतका वेळ कधी बोललो होतो, मला आठवत नाही.

मांडूची गोष्ट म्हटली की गाईड रूपमती आणि माळव्याचा सुलतान बाजबहादूर यांच्यापाशी नेतात. ती गोष्ट मला नेहमीच दुःखद वाटते, प्रेमाचा देखावा करून ती सांगावीशी वाटत नाही. 1561 मध्ये अकबराचा सरदार आदमखान चालून आला, बाजबहादूर हरून निघून गेला, रूपमतीने विष घेतलं असं सांगतात, आणि पुढे 1570 मध्ये बाजबहादूर अकबराच्या चाकरीत दाखल झाला. ज्याला तिचा मंडप म्हणतात ती इमारत मुळात दक्षिणेच्या वाटेवर नजर ठेवणारी लष्करी चौकी. हवा स्वच्छ असली की तिथून नर्मदा दिसते, आणि त्यासाठी तिथे जरूर जावं.

मला मांडूचं खरं जोडपं दुसरंच वाटतं, आणि तेही इथे वाटेतच थांबलेलं. 1617 च्या मार्चमध्ये जहांगीर आणि नूरजहान मांडूला आले. दक्षिणेच्या मोहिमेवर गेलेल्या शाहजादा खुर्रमच्या पाठीशी राहायचं म्हणून बादशहाने तळ इथे हलवला होता. आधी माणूस पाठवून जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या. उन्हाळ्यात नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ टिपले. पावसाळ्यात तलावांच्या मधोमध असलेल्या महालात शब-ए-बरातचा जलसा झाला, काठाकाठाने दिवे आणि कंदील लावले आणि त्यांची प्रतिबिंबं पाण्यात उतरली. तो महाल म्हणजे हाच जहाजमहाल असावा असं मानतात. पावसाळ्यातल्या मांडूची हवा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात तोंडभरून वाखाणली आहे. त्याच तळावर असलेला इंग्रज वकील सर थॉमस रो मात्र उन्हाळ्यात पाण्याच्या टंचाईने हैराण झाला होता. दोन्ही खरं. पाऊस हेच या गावाचं भांडवल. ऑक्टोबरमध्ये खुर्रम जिंकून परतला, त्याला ‘शाहजहान’ हा किताब इथेच मिळाला, आणि मग बादशाही लवाजमा गुजरातकडे निघाला. म्हणजे आमचीच वाट.

संध्याकाळी शिटी वाजवून पहारेकऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं. रस्त्याकडेला एक बाई खुरासानी इमलीची फळं मांडून बसली होती. मूळ आफ्रिकेतलं हे बाओबाबचं झाड मांडूत शतकानुशतकं रुजलं आहे. टणक, लवदार कवच, आत पांढरा, सुका, आंबट गर. तो तोंडात धरून आम्ही सागर तलावाच्या काठाने चालत गेलो. रात्री जेवायला दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत धरून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, त्यावर तूप, आणि सोबत चांगली तिखट डाळ. पानाच्या शिरा पानियांवर उमटलेल्या असतात, आणि त्या करपट वासासाठी मी पुन्हा एवढं अंतर जाईन.

सकाळी धुकं खाली उतरलं होतं, दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. चतुर्भुज रामाच्या देवळात जाऊन आलो. हे देऊळ धारच्या पवारांच्या राणीसाहेबांनी बांधवलेलं. मांडवगडावर आपल्या मराठी माणसांची ती एक खूण, आणि इंदूरची मराठी कुटुंबंही तिच्यासमोरून न थांबता पुढे जातात, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एका गोष्टीचं वाईट वाटलं, तेही बोलते. रविवारच्या सहलींचा कचरा तलावांच्या काठाला अजून पडलेला होता. द्रोण, बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं. आपल्या शहराला स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिला क्रमांक मिळतो, त्याचा मला अभिमान आहे. मग धारच्या पुढे गेल्यावर ही सवय का सुटते? ज्या लोकांनी पाण्यातला गाळ बसावा म्हणून दगडाला वळणं दिली, त्यांच्या तलावात बाटली टाकवते कशी?

तेव्हा इंदूरकरांनो, पाऊस संपायच्या आत मांडूला जा, पण शनिवार-रविवार सोडून जा आणि एक रात्र राहा. शक्यतो दोघंच जा. जहाजमहालाची गच्ची तासभर तरी सोडू नका, दाल-पानिये चुकवू नका, आणि जाताना गाडीत कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा.